दुचाकीचा अपघात आणि भरपाईचा दावा: आकडा कसा निघतो, दावा कुठे अडतो

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाची बातमी सगळीकडे फिरली. स्वतःच बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा मृत्यू झाला, तर त्याच्या वारसांना विमा कंपनीकडून भरपाई मागता येणार नाही, असा तो निकाल. बातमी खरी होती. पण घाईत वाचली की वाटतं, आता अपघाताची भरपाईच बंद झाली. तसं काहीही झालेलं नाही. ते प्रकरण कर्नाटकातल्या २०१४ च्या अपघाताचं होतं. चालवणाऱ्याच्याच चुकीने मोटार उलटली होती. ज्याची चूक, त्याच्याच घरच्यांना त्या चुकीची भरपाई द्यायची का, एवढाच तिथला प्रश्न होता.

तुमच्या मोटारसायकलला टेम्पोने मागून उडवलं, तर हा निकाल तुमच्या आड येत नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण आपल्याकडे रस्त्यावर सगळ्यात जास्त मरतो तो दुचाकीवालाच. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली शंभरातली जवळपास पंचेचाळीस दुचाकीवरची होती. या घरांसाठी कायद्याने केलेली सोय बरीच उदार आहे. ती हातची जाते ती बहुतेक वेळा कागदांअभावी, आणि ते कागद अपघातानंतरच्या अगदी पहिल्या दिवसांत तयार होतात किंवा राहून जातात.

पैसे कोण देतं?

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. हा शब्द आपण सगळे वापरतो, पण तिसरा कोण हे फार थोड्यांना नीट माहीत असतं. पहिला पक्ष म्हणजे गाडीचा मालक, दुसरा म्हणजे विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे त्या गाडीमुळे ज्याचं नुकसान झालं तो.

तुमच्या परड्यातला माड शेजाऱ्याच्या कौलांवर पडला, असं समजा. शेजाऱ्याचं छप्पर दुरुस्त करून देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि ती निभावण्यासाठी आधीच काढून ठेवलेला विमा म्हणजे थर्ड पार्टी. माड तुमच्याच घरावर पडला तर हा विमा एक पैसाही देत नाही.

म्हणून टेम्पोने उडवलं तर भरपाई मागायची ती टेम्पोचा चालक, मालक आणि टेम्पोची विमा कंपनी यांच्याकडे. तुमच्या स्वतःच्या मोटारसायकलचा विमा या दाव्यात मुख्य नसतो. आणि तुमचीच गाडी खड्ड्यात घसरली, समोर कुणीच नव्हतं, तर थर्ड पार्टीतून तुम्हाला काही मिळत नाही. त्यासाठी वेगळा वैयक्तिक अपघात विमा असतो. गाडीच्या मालकाला स्वतः चालवताना मृत्यू आला तर त्यात १५ लाख रुपयांचं संरक्षण मिळतं, चालवण्याचा परवाना मात्र वैध हवा. पॉलिसी काढताना एजंट विचारतो, "हे घ्यायचं का, थोडे जास्त पडतील?" आणि आपण नको म्हणतो, ते नेमकं हेच. नको म्हणू नका.

मागे बसलेल्याचा प्रश्न थोडा नाजूक आहे. टेम्पोची चूक असेल तर मागे बसलेला टेम्पोच्या दृष्टीने तिसराच, त्याला पूर्ण हक्क आहे. पण ज्या दुचाकीवर तो बसला होता तिच्याच चालकाची चूक असेल, तर त्या दुचाकीची पॉलिसी कोणती यावर सगळं ठरतं. पॅकेज म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत मागच्याचा धोका धरलेला असतो. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत सर्वसाधारणपणे तो धरलेला नसतो, आणि मग दावा मालकाच्या खिशापाशी येऊन थांबतो. आईला, बायकोला, मुलीला मागे बसवून रोज हिंडणाऱ्याने आपली पॉलिसी एकदा काढून वाचावी.

पोलीस केस झाली, मग दावा कशाला?

या दोन वेगळ्या वाटा आहेत. पोलीस केसमध्ये सरकार चालकाला शिक्षा व्हावी म्हणून लढतं. त्यातून तुमच्या घरात पैसे येत नाहीत. पैशांसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात स्वतंत्र अर्ज करावा लागतो. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे एमएसीटी म्हणतात, आणि ते बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्याच इमारतीत भरतं.

या दोन वाटांवरचे तराजूही वेगळे. फौजदारी खटल्यात सोनाराचा काटा लागतो, संशयाला जागा राहिली की आरोपी सुटतो. दाव्यात वखारीतला काटा चालतो. चूक समोरच्याची असण्याची शक्यता जास्त दिसली, तरी पुरतं. त्यामुळे ड्रायव्हर फौजदारी कोर्टातून सुटला म्हणून तुमचा दावा आपोआप बुडत नाही. "तो निर्दोष सुटला, आता काय मिळणार?" म्हणून गप्प बसलेली माणसं भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

पहिले आठ दिवस

माणूस अतिदक्षता विभागात असताना कागदांचं कुणाला सुचत नाही, आणि सुचू नये हेच माणुसकीचं आहे. म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या कुणी अंगावर घ्यावं, चुलत्याने, मेहुण्याने, मित्राने.

सगळ्यात आधी रुग्णालयातली नोंद. आणताना कुणीतरी घाबरून सांगतं, "गाडीवरून पडला." पोलिसांचं लचांड नको, हा त्यामागचा साधा हेतू. पण केसपेपरवर तेच उतरतं आणि दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील ते वाचून दाखवतो: हा तर स्वतःहून पडला, टेम्पो कुठून आला? खरं काय घडलं ते पहिल्याच नोंदीत सांगा, गाडीचा नंबर माहीत असेल तर तोही.

मग एफआयआर. उशिरा दिला म्हणून दावा फेटाळलाच जातो असं नाही, माणूस वाचवायचा की चौकीत जायचं हे न्यायालयांना कळतं. पण उशीर जितका वाढतो तितकी "नंबर नंतर घुसडला" असं म्हणायला जागा होते. तिसरा कागद घटनास्थळाचा पंचनामा. दुचाकी रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडली होती, टायरच्या खुणा कुठून कुठे गेल्या, काचा कुठे सांडल्या, हे सगळं त्यात असतं. नंतर कितीही साक्षीदार उभे केले तरी पंचनाम्याइतकं वजन क्वचितच येतं. जागेवरचे फोटो कुणी काढले असतील तर त्याच दिवशी मागून घ्या. जवळच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस टिकत नाही, त्यामुळे ते ताब्यात घ्यायला पोलिसांना लेखी सांगा आणि त्या अर्जाची पोच ठेवा.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांमुळे एक गोष्ट सोपी झाली आहे. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्यात गाडीची कागदपत्रं, चालकाचा परवाना, विम्याचे तपशील सगळं येतं. न्यायाधिकरण हा अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरू शकतं. सगळीकडे हे वेळेवर होतं असं नाही, म्हणून तपास अधिकाऱ्याला भेटून "सविस्तर अहवाल गेला का?" असं विचारत राहणं भाग आहे.

उपचाराच्या खर्चाबाबत एक माहिती असू द्या. मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना लागू झाली आहे. तिच्यात रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात पहिल्या ७ दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळायला हवेत. चूक कुणाची हे त्यात विचारायचं नाही.

आकडा येतो कुठून?

लोकांना वाटतं, वकील जोरदार असला की आकडा मोठा. खरं तर मृत्यूच्या दाव्यातलं गणित बरंचसं ठरलेलं आहे. २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी, सर्वोच्च न्यायालयाच्या या दोन निकालांनी ते घालून दिलं.

मूळ विचार बागायतदाराला चटकन कळेल. कलमी आंब्याचं झाड रस्त्यात गेलं, तर त्याची किंमत लाकडावरून करत नाहीत. ते अजून किती वर्षं फळ देणार होतं, ते पाहतात. इथेही तेच आहे. माणसाच्या जिवाची किंमत कुणी करत नाही आणि करूही शकत नाही. तो घराला पुढे जे देणार होता, त्याचा हिशेब होतो.

समजा, ३२ वर्षांचा एक इलेक्ट्रिशियन गेला. महिन्याला २०,००० कमावत होता. मागे बायको, दोन मुलं आणि आई. वर्षाचं उत्पन्न २,४०,०००. आज कमावतो तेवढंच त्याने आयुष्यभर कमावलं नसतं, म्हणून त्यात वाढ धरतात. स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला असेल तर ४० टक्के, कायम नोकरीत असेल तर ५० टक्के, आणि वय वाढत जाईल तशी ही वाढ कमी होते. आपला आकडा झाला ३,३६,०००.

यातलं काही तो स्वतःवर खर्च करणारच. अवलंबून असलेली माणसं चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश वजा करतात, दोन-तीन असतील तर एक तृतीयांश. अविवाहित असेल तर साधारणपणे निम्मं. इथे चौघं आहेत, म्हणून उरले २,५२,०००.

याला आता गुणक लावायचा, म्हणजे वर्षाच्या रकमेला किती पटीने गुणायचं तो वयावरून ठरणारा आकडा. वय ३१ ते ३५ असेल तर तो १६. १५ ते २५ वयाला १८ असतो आणि पुढे उतरत उतरत ६६ ते ७० ला ५ वर येतो. २,५२,००० गुणिले १६ म्हणजे ४०,३२,०००.

इथे घरचे हमखास विचारतात: साठ वर्षांपर्यंत त्याने २८ वर्षं कमावलं असतं, मग १६ च का? कारण २८ वर्षांत थोडे थोडे येणारे पैसे आज एकरकमी हातात येतात आणि त्यांवर व्याज सुरू होतं. शिवाय आयुष्यात आजार असतात, धंद्यात मंदी असते, तेही गृहीत धरलेलं असतं.

यावर अंत्यविधीचे १५,०००, मालमत्तेच्या हानीचे (म्हणजे तो वारसांसाठी जे साठवून मागे ठेवणार होता त्याचे) १५,०००, आणि सहवास हरपल्याबद्दल ४०,०००. हे आकडे २०१७ चे, दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ करायची. सहवासाची रक्कम फक्त बायकोला नाही, मुलांना आणि आईवडिलांनाही प्रत्येकी मिळते, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. शिवाय अर्ज केल्या तारखेपासून व्याज.

सगळी इमारत उभी आहे ती त्या २०,००० वर, आणि तिथेच गरीब माणूस मारला जातो. पगाराची स्लिप असणाऱ्याला अडचण नाही. पण गवंडी, रंगारी, रिक्षावाला, वडापावच्या गाडीवाला यांचं उत्पन्न कागदावर नसतं. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या आसपासचा आकडा धरतं आणि मग पुढचं सगळंच लहान होत जातं. म्हणून शोधा: बँकेचं पासबुक, मोबाइलवरून आलेल्या पैशांच्या नोंदी, दूध संघाची बिलं, शॉप अॅक्टचा दाखला, कर्जाच्या अर्जात सांगितलेलं उत्पन्न, ज्याच्याकडे नेहमी काम करायचा त्या ठेकेदाराची साक्ष. शेतकऱ्याच्या बाबतीत सातबारा दाखवून पूर्ण उत्पन्न मागितलं तर ते मिळत नाही. जमीन मागे राहते, म्हणून न्यायालय त्याच्या कष्टाची आणि देखरेखीची किंमत धरतं. ती देखरेख काय होती, पाणी कोण धरायचं, माल बाजारात कोण न्यायचं, हे साक्षीत नीट यायला हवं.

आणि घर सांभाळणारी बाई गेली तर? "ती कमवत नव्हती" असं अर्जात लिहिणारे नवरे आहेत. ते लिहू नका. गृहिणीच्या कामाला उत्पन्न मानून भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने एकदा नाही, अनेकदा सांगितलं आहे. २०२१ च्या निकालात तर गृहिणीच्या मानीव उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरायला सांगितलं.

जीव वाचला, पण पाय गेला

जखमींच्या दाव्यात सगळ्यात जास्त गोंधळ अपंगत्वाच्या टक्केवारीवरून होतो. डॉक्टर सांगतात, उजव्या पायाचं ४० टक्के अपंगत्व. न्यायालयाला मात्र दुसरंच विचारायचं असतं: या माणसाची कमावण्याची ताकद किती गेली? २०११ च्या राजकुमार खटल्यात हा फरक नीट मांडला गेला.

आपलाच इलेक्ट्रिशियन वाचला आणि त्याचा गुडघा वाकेनासा झाला, असं धरा. शिडी चढता येत नाही म्हटल्यावर त्याचा धंदा जवळपास संपलाच. ४० टक्क्यांच्या दाखल्यावर न्यायालय ७० टक्के कमाई गेली असं मानू शकतं. मग ३,३६,००० गुणिले १६, त्याचे ७० टक्के, म्हणजे ३७,६३,२०० रुपये. तो जिवंत आहे, त्यामुळे वैयक्तिक खर्चाची वजावट इथे होत नाही. हाच गुडघा बँकेतल्या कारकुनाचा असता तर नोकरी टिकली असती आणि या खात्यातली रक्कम बरीच कमी झाली असती. त्यामुळे नुसता दाखला जोडून भागत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं आणि आपण रोज नेमकं काय काम करत होतो, हे सांगावं लागतं.

याखेरीज उपचाराचा खर्च, पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च, बुडालेले दिवस, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, वेदना. मेडिकलची पावती पाच रुपयांची असली तरी ठेवा.

"पण चूक माझीही होती"

हेल्मेट नव्हतं, ट्रिपल सीट होतो, लायसन नव्हतं. हे ऐकून बरेच जण आपला दावा संपलाच असं समजतात. कायद्याचा प्रश्न वेगळा आहे: त्या गोष्टीमुळे अपघात झाला का, किंवा इजा वाढली का? तिघं बसले होते एवढ्यावरूनच सहभागी निष्काळजीपणा, म्हणजे अपघातात आपलाही चुकीचा वाटा, ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं. मागून ट्रक आदळला असेल तर पुढे दोघं होते की तिघं, याने काय फरक पडला? पण तिघांमुळे हँडल हललं आणि गाडी आडवी गेली असेल, तर फरक पडतो. हेल्मेटचंही तसंच. डोक्याला मार असेल तर काही टक्के कापले जाण्याची शक्यता आहे, पाय मोडला असेल तर हेल्मेटचा मुद्दा लागूच नाही. ठरलेल्या टक्क्यांएवढी रक्कम कमी होते, दावा बाद होत नाही. हेल्मेट घाला ते डोक्यासाठी. पण घातलं नव्हतं म्हणून हक्क सोडू नका.

समोरच्या ड्रायव्हरकडेच लायसन नसेल तर? विमा कंपनी हात वर करते. पण अशा अनेक खटल्यांत न्यायालयांनी सांगितलं आहे: आधी जखमीला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. गाडीला विमाच नसेल तर मात्र मालकालाच द्यावे लागतात, आणि तो देईना तर न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करू शकतात. हे काम संथ चालतं, हेही खरं.

धडक देऊन पळालेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही, तरी सगळं संपत नाही. मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार रुपये केंद्राच्या २०२२ च्या योजनेतून मिळतात. गाडी सापडली आहे पण चूक कुणाची हे सिद्ध करणं अवघड आहे, अशा वेळी मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ आहे: चूक न विचारता मृत्यूला ५ लाख, गंभीर इजेला अडीच लाख. मात्र ही रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो. आपल्या इलेक्ट्रिशियनचा आकडा आठवा, आणि मगच सही करा.

"मेलेल्या माणसाचे पैसे घ्यायचे?"

तेरावं होतं न होतं तोच ही कुजबुज सुरू होते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी, असं एखादी म्हातारी बोलूनही जाते, आणि कोवळ्या विधवेच्या मनात ते घर करतं. तिला सांगा, हे पैसे कुणाच्या दयेचे नाहीत. पोराची फी आणि सासूची औषधं तो जिवंत असता तर त्याने भरलीच असती. ज्याच्या चुकीने तो गेला, त्याच्या विम्याने आता ती भरायची. विम्याचा हप्ता याचसाठी घेतलेला असतो.

याच दिवसांत ट्रकमालकाचा माणूसही येतो. "दीड लाख घ्या, केस मागे घ्या, कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवता?" स्टँपपेपर तयारच असतो. त्या कागदावर सही करू नका. त्याला गाडी सोडवायची असते, आणि जी रक्कम विमा कंपनीकडून येणार आहे ती बुडाल्याने त्याचं काही जात नाही.

एलआयसीचे पैसे मिळाले, मेडिक्लेममधून बिल भागलं, मग भरपाई कमी होईल का? आयुर्विम्याचे पैसे कापता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने आपल्या एसटी महामंडळाविरुद्धच्याच एका प्रकरणात ठरवून टाकलं आहे. मेडिक्लेमबद्दल मतभेद होते. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तीही रक्कम वजा करायची नाही असं सांगितलं.

मुदत, ठिकाण, वकील

१ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दावा दाखल करायला ६ महिन्यांची मुदत आली आहे. ती घटनाबाह्य आहे असं म्हणणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत, आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत केवळ उशिरामुळे दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. त्यावर विसंबून राहण्यापेक्षा सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकलेला बरा.

अपघात पुण्यात झाला म्हणून बीडच्या माणसाने पुण्याला खेटे घालायची गरज नाही. जिथे तुम्ही राहता किंवा कामधंदा करता, तिथल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो.

वकिलाबद्दल मोकळेपणाने लिहितो. मिळेल त्यातले वीस टक्के, तीस टक्के, असा ठराव सर्रास होतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे निकालाच्या रकमेत वाटा घेणं वकिलाला मना आहे. फी ठरवा, ती लिहून घ्या आणि कोऱ्या चेकवर सही देऊ नका. स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही मिळतो, तसंच महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असणाऱ्यांना. त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.

लोकअदालतीत तडजोड करावी का? रक्कम लवकर मिळते हे खरं. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वरचं गणित वहीवर मांडून जा आणि कंपनीचा आकडा त्याच्या किती जवळ आहे ते पाहा. न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र ९० दिवसांत उच्च न्यायालयात जाता येतं, रक्कम वाढवून मागण्यासाठीसुद्धा.

पैसे आल्यावर

मंजूर रक्कम सगळी लगेच हातात पडत नाही. काही भाग खात्यात येतो आणि बाकीची रक्कम न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवायला सांगतं. मुलांच्या वाट्याची रक्कम साधारणपणे ती सज्ञान होईपर्यंत ठेवीत राहते. "आमचेच पैसे अडकवले" असा राग येतो, पण ही तरतूद पैशांवर डोळा ठेवून असलेल्या नातेवाइकांपासून त्या बाईला आणि मुलांना वाचवते. खरोखर गरज पडली, शिक्षणासाठी, उपचारासाठी किंवा गळकं छप्पर बदलण्यासाठी, तर मुदतीआधी ठेव मोडायची परवानगी मागता येते. अर्ज साधाच असतो. सोबत कॉलेजच्या फीची पावती, रुग्णालयाचं अंदाजपत्रक किंवा सुताराचं कोटेशन जोडायचं आणि त्याच न्यायाधिकरणात द्यायचं.